परिचारिकेचा प्रश्न : रुग्णसंवादाच्या इतिहासाचा एक आढावा

प्रस्तावना

रुग्णालयात वैद्य रुग्णाच्या खाटेजवळ काही मिनिटे थांबतो. परिचारिका मात्र अहोरात्र तेथे असते. रात्री दुखणे कधी वाढले, जेवण का परत गेले, औषध खरोखर पोटात गेले की उशाखाली राहिले, हे बहुधा तिलाच प्रथम कळते. असे असूनही वैद्यकाच्या इतिहासात शस्त्रक्रिया, औषधे व उपकरणे यांना जे स्थान मिळाले, ते परिचारिकेने विचारलेल्या प्रश्नाला मिळाले नाही. रुग्णाशी बोलणे हा स्त्रीच्या मायाळू स्वभावाचा भाग मानला गेला आणि स्वभाव शिकवावा लागत नाही, असे गृहीत धरले गेले. ही समजूत शुश्रूषाशास्त्राच्या इतिहासाशी सुसंगत नाही. रुग्णाला नेमके कसे विचारावे, हा आधुनिक शुश्रूषेच्या आरंभापासूनच विचारपूर्वक हाताळला गेलेला विषय आहे. त्या विचाराचे प्रमुख टप्पे आणि त्यापुढील अडचणी यांचा येथे आढावा घेतला आहे.

नाइटिंगेल आणि उत्तरसूचक प्रश्न

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव क्रिमियन युद्धातील दिव्याशी कायमचे जोडले गेले आहे. परंतु ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या १८५९-६० मधील त्यांच्या ग्रंथातील रुग्णनिरीक्षणाचे प्रकरण वाचल्यास दिव्यापेक्षा तर्कशुद्ध बुद्धीचेच दर्शन अधिक घडते. ज्या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले असते, अशा उत्तरसूचक प्रश्नांवर त्यांनी तेथे कठोर टीका केली आहे.

‘रात्र चांगली गेली का?’ हा त्यांनी घेतलेला नमुना आहे. एखाद्या रुग्णाला सलग दहा तास झोप न मिळाल्यास रात्र वाईट गेली असे वाटते, तर दुसऱ्याला अधूनमधून डुलकी लागली तरी समाधान असते. दोन रुग्णांविषयी एकच उत्तर मिळाल्याची नोंद त्यांनी केली आहे. त्यांपैकी एक पाच अहोरात्र मुळीच झोपला नव्हता आणि त्यातच दगावला; दुसऱ्याची झोप केवळ नेहमीसारखी सलग झाली नव्हती. म्हणून किती तास झोप लागली आणि ती रात्रीच्या कोणत्या वेळी, असे विचारावे, हा त्यांचा आग्रह होता. ‘भूक नाही’ या शेऱ्याचेही त्यांनी असेच पृथक्करण केले. अन्न नीट शिजलेले नसणे, अन्नाची निवड चुकणे, जेवणाची वेळ चुकणे आणि खरोखर भूक नसणे, अशी चार भिन्न कारणे त्या एका शेऱ्याखाली झाकली जातात. परिणाम मात्र एकच, रुग्णाची हळूहळू होणारी उपासमार.

बोलण्याच्या रीतीविषयीही त्यांच्या सूचना स्पष्ट होत्या. रुग्णाला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसावे. त्याच्या पाठीमागून, दारातून किंवा दुरून बोलू नये. पोकळ धीर देऊ नये. अशा रीतीने प्रश्न हे निरीक्षणाचे साधन ठरले. मात्र येथे संवादाचा हेतू प्रामुख्याने अचूक माहिती मिळवणे हा होता. रुग्ण आणि परिचारिका यांच्या नात्याचा स्वतंत्र विचार व्हायला आणखी नव्वद वर्षे जावी लागली.

पेप्लाउ : परक्यांची पहिली भेट

अमेरिकन परिचारिका हिल्डेगार्ड पेप्लाउ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील लष्करी मनोरुग्णालयात काम केले होते. ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये लिहून पूर्ण झाला. परंतु वैद्याचे सहलेखन नसलेला परिचारिकेचा ग्रंथ त्या काळी धाडसाचा वाटल्याने तो प्रसिद्ध होण्यास १९५२ साल उजाडले. परिचारिकेच्या शब्दाला किती मान होता, याचा हा विलंबच पुरावा आहे.

परिचारिका आणि रुग्ण प्रथम भेटतात ते परस्परांना परके म्हणून, हा पेप्लाउ यांचा साधा पण मूलभूत मुद्दा होता. परक्या माणसाशी जे सौजन्य आपण पाळतो ते रुग्णाशीही पाळले पाहिजे. विश्वास गृहीत न धरता तो टप्प्याटप्प्याने मिळवला पाहिजे. रुग्णाशी झालेले संभाषण जसेच्या तसे लिहून काढून त्याचे परीक्षण करण्याची पद्धती त्यांनी अध्यापनात वापरली. त्यामुळे परिचारिकेला स्वतःचेच बोलणे अभ्यासविषय म्हणून तपासता येऊ लागले.

कक्षातील वास्तव

ग्रंथातील विचार कक्षात सहज उतरला नाही. का, याचे मार्मिक विवेचन मनोविश्लेषक इझाबेल मेन्झिस यांच्या १९६० मधील अभ्यासात सापडते. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात शिकाऊ परिचारिका अनेक रुग्णांची थोडी थोडी कामे करीत. कोणा एका रुग्णाशी दीर्घ संबंध येऊ नये, अशीच जणू व्यवस्था होती. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा आजारी अवयवाने होई. मेन्झिस यांच्या मते हा केवळ निष्काळजीपणा नव्हता. वेदना आणि मृत्यू यांच्या सततच्या सहवासातून येणाऱ्या चिंतेपासून संस्थेने उभारलेला तो बचाव होता. पण त्यामुळे चिंता दूर न होता ती टाळली जात असे. परिचारिका रुग्णाशी का बोलत नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ तिच्या स्वभावात शोधणाऱ्यांना हा अभ्यास विचार करायला लावतो.

ऑर्लँडो : आपल्या समजाची पडताळणी

१९६१ मध्ये आयडा जीन ऑर्लँडो यांचा ‘द डायनॅमिक नर्स-पेशंट रिलेशनशिप’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. येल विद्यापीठात काम करताना त्यांनी परिचारिका-रुग्ण भेटींच्या मोठ्या संख्येने नोंदी केल्या होत्या. त्यांचा निष्कर्ष असा की, रुग्णाचे वागणे पाहून परिचारिकेच्या मनात जो अर्थ उमटतो तो बरोबर असेलच असे नाही. तो रुग्णासमोर मांडून पडताळून पाहिला पाहिजे. गोळी नाकारणारा रुग्ण हट्टी असेल, घाबरलेला असेल किंवा मागच्या गोळीने त्याला मळमळले असेल. न विचारता केलेली कृती कितीही तत्पर असली तरी ती त्याच्या गरजेची असेलच असे नाही. नाइटिंगेल यांनी प्रश्न अचूक केला होता; ऑर्लँडो यांनी प्रश्नकर्तीचा समजही तपासणीखाली आणला.

नोंदपत्रक आणि मराठी रुग्ण

१९६७ मध्ये हेलन युरा व मेरी वॉल्श यांनी शुश्रूषेची प्रक्रिया मूल्यमापन, नियोजन, अंमलबजावणी व फलनिरीक्षण अशा चार पायऱ्यांत मांडली. पुढे मूल्यमापनासाठी छापील, आणि नंतर संगणकीय, नोंदपत्रके आली. त्यांनी माहितीत सुसूत्रता आणली हे निर्विवाद. तथापि ‘होय’ किंवा ‘नाही’च्या चौकटीने उत्तरसूचक प्रश्न मागील दाराने परत येण्याची शक्यताही निर्माण केली.

महाराष्ट्रात या प्रश्नाला भाषेचे अंग आहे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी येथील स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट खुली केली. तेव्हापासून रुग्णाशी त्याच्याच बोलीत बोलणारी प्रशिक्षित स्त्री कक्षात दिसू लागली. परंतु भाषा एक असली की प्रश्न निर्दोष होतो असे नाही. ‘आता बरं वाटतंय ना?’ यातील ‘ना’ होकाराची मागणी करतो आणि भिडस्त रुग्ण ‘हो सिस्टर, बरं आहे’ म्हणून मोकळा होतो. उलट ‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरा होतोय’ ही रुग्णाची वाक्ये कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. ‘कसंतरी म्हणजे नेमकं कुठं, केव्हापासून?’ एवढे विचारले तर त्यामागे अपचन आहे, भीती आहे की हृदयविकाराची सुरुवात, याचा माग लागू शकतो. न विचारल्यास होणारी हानी भरून येईलच असे नाही.

निष्कर्ष

या आढाव्यातून असे दिसते की, रुग्णाशी बोलणे ही शिकण्याची, तपासण्याची आणि सुधारण्याची विद्या आहे. त्याचबरोबर तिला वेळ, मोजके रुग्ण आणि परिचारिकेच्या शब्दाविषयीचा आदर यांची जोड लागते. मेन्झिस यांचा अभ्यास हेच सांगतो. केवळ अभ्यासक्रमात ‘संवादकौशल्य’ असे एक प्रकरण घातल्याने हे साधणार नाही. विद्यार्थिनीला प्रात्यक्षिकात स्वतःचे संभाषण लिहून तपासण्याची सवय लावणे आणि कक्षात खाटेजवळ बसण्याइतकी उसंत देणे, या दोन्ही जबाबदाऱ्या शिक्षणसंस्था व रुग्णालये यांनी मिळून स्वीकारल्या पाहिजेत. पाच रात्री जागलेल्या त्या रुग्णाबद्दल उत्तर मिळाले होते. चूक प्रश्नात होती.