द्राक्षांवरचा डाग

निफाड तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग होती. एप्रिलमध्ये परीक्षा संपवून आम्ही आजोळी पोहोचायचो, तेव्हा बागेतला शेवटचा माल उतरत असायचा. एखाद्या घडावर निळसर पांढुरका डाग दिसायचा. मामी तो घड हौदात बुडवून, हलक्या हाताने चोळून आमच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "औषध आहे रे, धुऊन खा." हे कोणतं औषध, द्राक्षांना असा कोणता आजार झालाय, असले प्रश्न तेव्हा पडले नाहीत. डाग गेला की द्राक्ष स्वच्छ झालं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

पुढे शेतीरसायनांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा त्या डागाची जन्मकथा सापडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या द्राक्षबागांवर केवडा रोग आला. हा रोग अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर युरोपात शिरला होता. पानं करपत होती, बागा बसत होत्या. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे १८८२ साली मेडॉक भागातून जात असताना त्यांना एक वेगळीच गोष्ट दिसली. रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत होती, आतल्या वेलींची मात्र गळाली होती. चौकशी केल्यावर कळलं, की येणारे-जाणारे द्राक्षं तोडून नेतात म्हणून बागाइतदारांनी कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळा डाग पाहून चोराला विषाची भीती वाटावी, हा हेतू. मिलार्देंनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ साली ते मिश्रण जगापुढे ठेवलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे एक टक्क्याचं माप आजही आपल्या द्राक्षबागाइतदाराला तोंडपाठ असतं.

गंमत अशी, की फळावरचा हा डाग मुळात दिसावा म्हणूनच टाकलेला होता. इथून पुढचा सारा इतिहास तो दिसेनासा होण्याचा आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत सफरचंदं पोखरणाऱ्या अळीसाठी आर्सेनिकची संयुगं वापरात आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सफरचंदाच्या बागांत लेड आर्सेनेटची फवारणी नित्याची झाली. आर्सेनिक म्हणजे सोमल आणि लेड म्हणजे शिसं, दोन्ही विषच. फळ बाजारात जाईपर्यंत पावसापाण्याने ते धुतलं जातं, अशी समजूत होती. कोरड्या हवेच्या प्रदेशात पाऊस कुठला? तिथे पांढुरकी भुकटी सालीवर तशीच राहायची.

या भुकटीला पहिला मोठा आक्षेप घेतला तो गिऱ्हाईक देशाने, म्हणजे ब्रिटनने. त्यामागे एक जुनी जखम होती. १९०० साली मँचेस्टरच्या परिसरात बिअरमधून आर्सेनिकची विषबाधा झाली. हजारो लोक आजारी पडले, कित्येक दगावले. बिअरसाठी लागणारी साखर तयार करताना वापरलेलं गंधकाम्ल अशुद्ध होतं. लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला आणि खाद्यपदार्थात पौंडामागे एक शतांश ग्रेन, यापेक्षा जास्त आर्सेनिक चालणार नाही, अशी मर्यादा पुढे आली. १९२५ साली लंडनमध्ये अमेरिकन सफरचंदांमुळे विषबाधेची तक्रार झाली, तेव्हा बिअरच्या निमित्ताने ठरलेलं तेच माप सफरचंदाला लागलं. फळं स्वच्छ करा, नाहीतर आमचा बाजार बंद, असा इशारा अमेरिकेला मिळाला.

अमेरिकन सरकारने मग काय केलं? निर्यातीच्या सफरचंदांना ब्रिटिश मर्यादा लावली. फळं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुण्याची यंत्रं आली. परंतु स्वदेशात विकायच्या फळांसाठी १९२७ साली जी मर्यादा धरली, ती ब्रिटिश मर्यादेच्या अडीचपट सैल होती. बागाइतदारांना सवड हवी, हे कारण. टप्प्याटप्प्याने ती खाली आणत ब्रिटनच्या पातळीवर यायला १९३२ साल उजाडलं. तोवर एकाच बागेतलं स्वच्छ फळ लंडनच्या मुलाला आणि त्याहून कमी स्वच्छ फळ स्वतःच्या मुलाला, असा प्रकार सुरू होता. हा प्रसंग लक्षात ठेवावा. तो आपल्याकडे पुन्हा भेटणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि मग पॅराथिऑनसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त रसायनं आली. त्यातली काही आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारी. मामीचा हौद इथे निकामी ठरतो. सालीवरचं बरंचसं धुतलं जातं, गरात उतरलेलं धुतलं जात नाही. डाग गेला आणि अंश राहिला. तो ओळखायचा तर प्रयोगशाळाच हवी.

भारताला या अदृश्य विषाची जाणीव फार महागात पडून झाली. १९५८ साली केरळात पॅराथिऑनने दूषित झालेलं धान्य-पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसं मेली. जहाजातून येताना हे विष अन्नाच्या पोत्यांत मिसळलं होतं. या दुर्घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. डब्यावरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण याच कायद्याखालच्या नियमांतले. पण ते त्रिकोण फवारणाऱ्यासाठी. फळ खाणाऱ्याच्या हातात कोणताही त्रिकोण येत नाही.

आता पुन्हा द्राक्षांकडे. १९९१ साली 'महाग्रेप्स' स्थापन झाली आणि नाशिक-सांगलीची द्राक्षं संघटितपणे युरोपच्या वाटेला लागली. दहा-बारा वर्षांत जम बसला. आणि २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिलसारख्या कीटकनाशकाचे अंश सापडून माल अडला. त्याच वर्षी बाटलीबंद पाणी आणि शीतपेयांतल्या कीटकनाशकांवरून देशात गदारोळ उठला, शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. द्राक्षांची गोष्ट त्या मानाने गुपचूप, पण झपाट्याने मार्गी लागली. निर्यातीच्या बागांची नोंदणी, अंशांच्या तपासणीचा आराखडा, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली संदर्भ प्रयोगशाळा आणि पाठोपाठ 'ग्रेपनेट' ही संगणकीय व्यवस्था. पेटीवरच्या क्रमांकावरून माल कोणत्या प्लॉटमधला, हे युरोपातून शोधता येऊ लागलं.

तरी २०१० साली पुन्हा घाव बसला. खरडछाटणीनंतर वेलीची वाढ रोखून काडीत घड तयार व्हावेत म्हणून क्लोरमेक्वाट, म्हणजे बागाइतदारांच्या भाषेत 'सीसीसी', वापरतात. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. एप्रिलमध्ये फवारलेलं हे संजीवक काडीत मुरून पुढच्या हंगामाच्या मण्यांत उतरलं होतं. तपासायच्या रसायनांच्या आपल्या यादीत त्याचं नावच नव्हतं. प्रमाणपत्रं घेऊन गेलेले कंटेनर तिकडे अडकले.

त्यात माझ्या मामेभावाचाही माल होता. ज्याच्यामार्फत माल पाठवला त्याने हात वर केले. कर्ज डोक्यावर होतंच. मी भेटायला गेलो, तर तो ओट्यावर फवारणीची नोंदवही उघडून बसला होता. प्रत्येक फवारणीची तारीख, मात्रा, काढणीपूर्वीचे राखलेले दिवस, सगळं टिपलेलं. म्हणाला, "दादा, जे सांगितलं ते सगळं पाळलं. जे तपासलंच नाही, ते मला कसं कळावं?" त्याला उत्तर देणं मला जमलं नाही. पुढे सीसीसी तपासणीच्या यादीत आलं; पण त्याचं ते वर्ष गेलं ते गेलंच.

देशातल्या ग्राहकासाठी काहीच झालं नाही, असं नाही. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, २०११ पासून त्याखाली अंशांच्या मर्यादा आहेत, सरकारी प्रयोगशाळा बाजारातले नमुने तपासतात. मर्यादेच्या आतला अंश म्हणजे लगेच विषबाधा नव्हे, हेही ध्यानात घ्यावं. भीतीने फळं-भाज्या सोडणं हा तर तोटाच. पण निर्यातीच्या पेटीमागे असलेला प्लॉटचा माग आणि काढणीआधीचा अहवाल आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवरल्या घडामागे नसतो. अमेरिकेला निर्यातीची आणि घरची मर्यादा एक करायला पाच वर्षं लागली. आपल्याला २००३ पासून किती झाली, ती ज्याची त्याने मोजावीत.

मागच्या हंगामात मामेभावाकडे गेलो होतो. त्याच्या नातवासाठी वहिनींनी द्राक्षांची ताटली पुढे ठेवली. घड नितळ होते, डाग कुठेच नव्हता. सवयीने मी विचारलं, "धुतलीत ना?"

"धुतलीत," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि दादा, घरी खायला आम्ही एक्सपोर्टच्याच प्लॉटमधली आणतो."

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)