व्हिडिओ संपादनाचे प्रमाणपत्र : कोणते घ्यावे आणि कशासाठी

दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. आज आपल्या घरांतली मुलेमुली व्हिडिओ संपादन घरच्या संगणकावर, बरेचदा स्वतःच शिकतात. मंडळाच्या गणेशोत्सवाची चित्रफीत किंवा नात्यातल्या लग्नाचा व्हिडिओ ती हौसेने करून देतात. अडते ते नोकरीचा अर्ज भरताना. येणारे काम दाखवायचे कशाच्या आधारावर? क्लासची मोठी फी भरण्याआधी सभासदांना उपयोगी पडावी म्हणून ही माहिती आम्ही एकत्र केली आहे.

दोन प्रमाणपत्रांतला फरक

क्लासचे प्रमाणपत्र बहुधा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे असते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचे प्रमाणपत्र ठरलेली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळते. जाहिरातीत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून हा फरक आधी विचारून घ्यावा.

अ‍ॅडोबी प्रीमियर प्रो

'अ‍ॅडोबी सर्टिफाइड प्रोफेशनल' ही परीक्षा सर्टिपोर्टमार्फत होते. वेळ ५० मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी १००० पैकी ७०० गुण. काही प्रश्न पर्यायी, तर काही सॉफ्टवेअरमध्ये प्रत्यक्ष करून दाखवायचे असतात. प्रकल्पाची मांडणी, फुटेज लावणे, दृश्य व आवाज यांवरचे काम आणि शेवटी एक्स्पोर्ट, याबरोबरच कॉपीराइट आणि ग्राहकाची गरज समजून घेणे हेही अभ्यासात येते. प्रमाणपत्र ३ वर्षे चालते. त्याला आफ्टर इफेक्ट्स किंवा फोटोशॉपच्या परीक्षेची जोड दिली, तर 'व्हिडिओ डिझाइन'चे वरचे प्रमाणपत्र मिळते.

दा विंची रिझॉल्व्ह

ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचे हे सॉफ्टवेअर रंगसंस्कारासाठी विशेष ओळखले जाते. त्याची मूळ आवृत्ती मोफत आहे. कंपनीची प्रशिक्षण पुस्तके आणि सरावाच्या फाइलीही मोफत उतरवून घेता येतात आणि त्यांवर आधारित परीक्षा ऑनलाइन देता येते. खर्चाची अडचण असलेल्या घरांनी सुरुवात इथून करावी, असे आम्ही सुचवू.

अ‍ॅविड मीडिया कंपोझर

१९८९ पासून असलेले हे सॉफ्टवेअर मोठ्या चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीत वापरले जाते. त्याची प्रमाणपत्रे 'युजर' आणि 'प्रोफेशनल' अशा पायऱ्यांनी मिळतात. ज्याला त्या क्षेत्रात जायचे आहे त्यानेच या वाटेचा विचार करावा.

फी भरण्यापूर्वी विचारा

• परीक्षा कोण घेते, क्लास की कंपनी?
• परीक्षेची फी क्लासच्या फीत धरली आहे का? नापास झाल्यास पुन्हा भरावी लागेल का?
• प्रमाणपत्र ऑनलाइन पडताळता येते का? अ‍ॅडोबीच्या डिजिटल बॅजची लिंक अर्जात देता येते.
• सराव कोणत्या आवृत्तीवर होतो?

प्रमाणपत्र काय सांगत नाही

उमेदवाराला सॉफ्टवेअर चालवता येते, एवढेच प्रमाणपत्र सांगते. दृश्य कुठे तोडावे, कुठे थांबू द्यावे, ही जाण कामातूनच दिसते. म्हणून सोबत दोन-तीन मिनिटांची निवडक कामांची चित्रफीत हवीच. तिच्यात उत्तम तेवढेच घ्यावे आणि आपण नेमके काय केले, हे खाली लिहावे. दुसऱ्याच्या लग्नाचे फुटेज दाखवण्यापूर्वी त्या कुटुंबाची परवानगी घ्यावी. संगीताच्या हक्कांचीही खात्री करावी.

आधी मोफत साधनांवर काही महिने सराव, मग चित्रफीत आणि शेवटी ज्या नोकरीसाठी अर्ज करायचा तिथे चालणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. मंडळाच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण तर दरवर्षी होतेच. त्याचे संपादन करायला पुढे येणाऱ्या मुलामुलींना तयारीचे खरे काम घरबसल्या मिळेल आणि मंडळाच्या आठवणीही नीट जपल्या जातील.