गॅपची कुळकथा

नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या सरकारी दवाखान्यात, हाडांच्या ओपीडीबाहेर अर्धा तास बसलं की एक शब्द हमखास कानावर पडतो. "मणक्यात गॅप आलाय." मोंढ्यात पोती वाहणारा हमाल, कापूस वेचून वेचून कंबर धरलेली बाई, शिकवणीत दिवसभर उभा राहणारा मास्तर, सगळ्यांच्या तोंडी तोच. शाळेचं तोंड न पाहिलेली आजीसुद्धा तो शब्द सहज बोलते. गंमत अशी, की बहुतेकांच्या पाठीत गॅप आलेला नसतो, उलट कमी झालेला असतो.

आधी आपल्याकडे या दुखण्याला अशी नावं नव्हती. उसण भरायची, लचक भरायची, चमक निघायची. उसण भरली की गावातला पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला, माणूस शोधायचा आणि त्याची लाथ कमरेला लावून घ्यायची. दुखणं अंगात भरतं आणि निघून जातं, एवढीच त्या शब्दांची समजूत. आत कुठला भाग बिघडलाय याचं चित्र त्यांत नव्हतं. 'गॅप' मात्र चित्रातूनच जन्मला.

ते चित्र क्ष-किरणांचं. राँटगेनला हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी सापडले. त्यांच्या फिल्मवर हाड पांढरं उमटतं, पण दोन मणक्यांमधली गादी उमटतच नाही. तिच्या जागी नुसती काळसर पट्टी दिसते. त्या पट्टीची उंची घटली की गादी झिजली, असं डॉक्टर वाचतात. "इथला गॅप कमी झालाय" हे त्यांचं वाक्य. त्यातलं 'कमी' ओपीडीच्या दारापर्यंत येता येता गळालं असावं, असा माझा तर्क आहे. उरला तो गॅप, आणि त्याला अर्थ चिकटला तो मणके सुटल्याचा, मध्ये पोकळी पडल्याचा. असं ऐकलेला माणूस वाकायचंच सोडतो. पाठीच्या दुखण्यात या एका शब्दानं जेवढी भीती पसरवली, तेवढी दुखण्यानंही पसरवली नसेल.

'नस दबली' हा त्याचा जोडीदार शब्द. त्याची वंशावळ बोस्टनपर्यंत जाते. मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली दाखवून दिलं, की गादीचा फुटून बाहेर आलेला तुकडा नस दाबतो आणि कळ पायात उतरते. त्यानंतर कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष गादी बाहेर किती आली याकडे होतं. ती मुळात कशावर जगते, हा प्रश्न मागे पडला.

प्रश्न मात्र अवघड होता, कारण मोठ्या माणसाच्या गादीत, अगदी बाहेरची कड सोडली तर, रक्तवाहिनीच नसते. लहानपणी मणक्याच्या कडेच्या कूर्चेत बारीक वाहिन्या असतात, पण वाढीबरोबर त्याही जातात. शरीरात रक्ताशिवाय जगणारा सगळ्यात मोठा भाग म्हणजे ही गादी. मधल्या पेशींपासून जवळची रक्तवाहिनी सात-आठ मिलिमीटरवर. ऐकायला हे अंतर किरकोळ वाटतं, पण पेशीच्या मापानं तो प्रवास लांबचा आहे. साखर आणि प्राणवायू मणक्याच्या हाडातून निघतात, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची कूर्चेची चकती ओलांडतात आणि पाझरत पाझरत मध्यापर्यंत जातात. पेशींनी टाकलेलं आम्ल त्याच वाटेनं परत येतं.

मराठवाड्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर आपल्याकडे पाझर तलाव खोदले गेले. तलावात पाणी साठवायचं ते उपसण्यासाठी नव्हे, जमिनीत मुरून खालच्या विहिरींना लागावं म्हणून. तलावाच्या तळाशी गाळ बसला की पाणी वर दिसतं, पण विहिरी कोरड्या राहतात. गादीचंही तसंच आहे. कूर्चेच्या चकतीत कॅल्शियम साचू लागलं की पाझर मंदावतो. हाडात रक्त खळखळून वाहत असतं आणि दोन बोटांवर गादी उपाशी.

हे शोधायला माणसांनी किती खटपट केली! स्वीडनच्या नाकेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली माणसाच्या गाद्यांवर रंग सोडून तो कुठून आत शिरतो ते पाहिलं. जिल अर्बन, होल्म, मारूदास आणि नाकेमसन यांनी १९७७ मध्ये जिवंत प्राण्यांच्या गादीत पदार्थ कसे पोचतात ते मोजलं. पुढे १९८२ मध्ये असंही दिसलं, की साखरेसारखे लहान रेणू गादी दाबल्या-सुटल्यानं पंपासारखे आत ओढले जात नाहीत, ते आपापले पाझरतात. "व्यायामानं गादीला खुराक पंप होतो" हे वाक्य त्यामुळे निदान साखरेच्या बाबतीत खरं नाही. व्यायाम करावाच, पण त्याची कारणं वेगळी.

तरी हे सगळं प्रयोगशाळेतलं होतं. जिवंत माणसाच्या पाठीत हा पाझर दिसला तो एमआरआयमुळे, आणि तो दाखवणारं मोठं काम आपल्या देशात झालं. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य दिलं आणि चोवीस तास पुन्हा पुन्हा स्कॅन काढले. मणक्यात ते द्रव्य काही मिनिटांत चमकलं, पण निरोगी गादीच्या मध्यावर त्याची चमक शिगेला जायला सुमारे सहा तास लागले. चकतीला भेग असेल तर पाझराचा सगळा नमुनाच बदलत होता. या कामाला २००४ साली कंबरेच्या मणक्यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं पारितोषिक मिळालं.

पुढची पायरी गणिताची. फिकनं १८५५ साली पाझराचा नियम मांडला होता. त्यावरून निघतं, की अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो. मॉन्ट्रियलचे शिराझी-आडल आणि वर आलेल्याच जिल अर्बन यांच्या गटानं २००३ मध्ये हा नियम गादीच्या संगणकी प्रतिकृतीत घातला. आता एमआरआयवरून एकेका रुग्णाच्या गादीची प्रतिकृती करतात. गादीची उंची फिल्मवर मोजता येते, पाझराचा वेग तिच्यातल्या पाण्यावरून काढता येतो. पेशी किती आणि त्यांची भूक केवढी, हे मात्र चित्रात दिसत नाही. तिथे अंदाज घालावा लागतो. म्हणून अशा प्रतिकृतीचं उत्तर पंचांगासारखं वाचू नये.

एवढं करून मिळतं काय? गादी दबून बुटकी झाली की मध्यापर्यंतची वाट कमी होते; म्हणजे झिजलेल्या गादीला एका अर्थी घास लवकर पोचतो. सशाच्या इवल्याशा गादीत यशस्वी ठरलेला उपचार माणसात का फसतो, तेही इथेच कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गादीत नव्या पेशी टोचण्याच्या उपचाराचा हिशोब मांडता येतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा लातुरात आणखी लाखभर माणसं आणून वसवली असती तर? चकती गाळानं बंद असेल तर नव्या पेशी म्हणजे त्याच घासावर वाढलेली तोंडं.

चित्रांवरून असं काम करायचं तर नीट खुणा केलेली चित्रं हवीत, आणि ती कशी जमवायची हे नांदेडनं एकदा करून दाखवलंय. श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत प्रा. मनेश कोकरे यांच्या गटानं नांदेडच्याच एका नेत्र दवाखान्यात काढलेली डोळ्याच्या पडद्याची ५१६ छायाचित्रं मधुमेहाच्या अभ्यासासाठी २०१८ साली जगाला खुली केली. त्यांतल्या ८१ चित्रांवर डागांच्या खुणा अगदी बिंदूबिंदूनं केलेल्या आहेत. देशोदेशीचे संगणकवाले त्यांवर आपली गणितं तपासतात. पोती उचललेल्या, ऊस तोडलेल्या, कापूस वेचलेल्या पाठींची चित्रंही, रुग्णांची संमती घेऊन आणि नावं पुसून, अशीच जमवता येतील. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि अभियंत्यांनी हे मनावर घ्यावं.

एक सावधगिरी. अमेरिकेत १९९४ साली पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय पाहिले, तर निम्म्याहून अधिकांची निदान एक गादी फुगलेली निघाली. फिल्म म्हणजे दुखणं नव्हे.

तुमच्याही कपाटावर कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली एमआरआयची फिल्म असेल. उजेडासमोर धरा. ज्या चित्रात कण्याच्या नळीतलं पाणी पांढरंशुभ्र दिसतं, त्यात उजळ दिसणारी गादी ओली आणि काळी पडलेली सुकत चाललेली. मग ती फिल्म कोरड्या जागी ठेवा, फेकू नका. काही वर्षांनी दुसरी काढायची वेळ आलीच, तर डॉक्टरांना दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.