नऊ डॉलरचा इंजिनिअर

पानिपताच्या गप्पा निघाल्या की कोणीतरी एक जण हमखास म्हणतो, "भाऊसाहेबांकडे नुसत्या दोन मशीनगन असत्या ना, तर..." पुढचं वाक्य पुरं करायची गरज पडत नाही. प्रत्येकाच्या डोक्यात आपापला सिनेमा सुरू झालेला असतो. नारळीकरांनी पानिपतावर कथा लिहिली, तीत गोळी विश्वासरावांना चाटून जाते आणि इतिहास वेगळी वाट धरतो. पण भविष्यातून बंदूक घेऊन कोणी येत नाही. नारळीकर शास्त्रज्ञ होते, त्यांना तो मोह आवरला. आपल्याला आवरत नाही.

बंदूक घेऊन भूतकाळात जाणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, ते मार्क ट्वेननं १८८९ सालीच लिहून ठेवलं आहे. कादंबरीचं नाव 'अ कनेटिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट'. मला कादंबरीइतकीच रंजक वाटते ती तिच्या वाचकांची गोष्ट. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत लोकांनी हे एकच पुस्तक इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी वाचलं आहे, की कधीकधी वाटतं, ते सगळे नक्की एकाच पुस्तकाबद्दल बोलताहेत ना?

आधी कथानक. हँक मॉर्गन हा हार्टफर्डच्या कोल्ट बंदूक कारखान्यातला मुख्य सुपरिंटेंडंट. कारखान्यातल्या एका दांडगट कामगाराशी मारामारी होते, डोक्यात पहार बसते, आणि हँक डोळे उघडतो तो इंग्लंडात, सन ५२८ मध्ये, राजा आर्थरच्या राज्यात. त्याला जाळायची शिक्षा होते. त्या वर्षी २१ जूनला खग्रास सूर्यग्रहण आहे हे त्याला आठवतं (खऱ्या खगोलशास्त्रात असं ग्रहण त्या दिवशी नव्हतं, ट्वेननं ते सोयीसाठी घडवून आणलं), आणि सूर्य विझवायची धमकी देऊन तो सुटतो. सुटतो म्हणजे थेट राज्याचा कायमचा प्रधान होतो. मोबदला म्हणून मागतो काय, तर त्याच्यामुळे महसुलात जी वाढ होईल तिच्यावर एक टक्का. आजच्या बेंगळुरूत हा माणूस सहज खपला असता.

मग तो टेलिफोन आणतो, गुप्त शाळा काढतो, वर्तमानपत्र सुरू करतो, सरदारांच्या अंगावर साबणाच्या जाहिराती लटकवतो. खांबावर उभा राहून दिवसभर वाकून वाकून प्रार्थना करणाऱ्या एका साधूला तर तो शिवणयंत्र जोडतो. एवढी ऊर्जा वाया जाते म्हणजे काय? साधूच्या भक्तीवर सदरे शिवून निघतात आणि बाजारात विकले जातात. इंजिनिअरिंगच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हा प्रसंग वाचून हसू येईल, आणि त्या हसण्याच्या तळाशी थोडी ओळखही असेल. फुकट चाललेली हालचाल दिसली की तिला पट्टा लावावासा वाटणं हा आमच्या जमातीचा रोग आहे.

ट्वेनला हे सुचलं १८८४ च्या सुमारास. तेव्हा तो जॉर्ज वॉशिंग्टन केबल या लेखकाबरोबर वाचनाच्या दौऱ्यावर होता आणि मॅलरीचं आर्थर-कथांचं पुस्तक त्याच्या हाती आलं. ते कॅक्स्टननं १४८५ मध्ये छापलेलं. ट्वेनच्या वहीतली पहिली नोंद म्हणजे एक स्वप्न आहे: आपण चिलखत घातलेले सरदार आहोत, खिसे नाहीत, सर्दी झाली आहे, नाक शिंकरता येत नाही, खाज सुटली तर खाजवता येत नाही. कादंबरीचं बीज एवढंच. पुढची चारपाच वर्षं त्या बीजात ट्वेनचा राग मिसळत गेला. मॅथ्यू अरनॉल्डनं अमेरिकन संस्कृतीवर ताशेरे ओढले होते. टेनिसननं आर्थरच्या काळावर सोनेरी मुलामा चढवला होता. ट्वेननं तो मुलामा खरवडायचं ठरवलं. चित्रकार डॅन बिअर्डही असा, की त्यानं जादूगार मर्लिनला टेनिसनचा चेहरा दिला आणि गुलामांच्या मुकादमाला अमेरिकेतल्या जे गूल्ड या रेल्वेवाल्या धनिकाचा.

पुस्तक डिसेंबर १८८९ मध्ये आलं. त्याच्या महिनाभर आधी ब्राझीलमधली राजेशाही कोसळली होती आणि ट्वेन खुशीत होता. विल्यम डीन हॉवेल्स या त्याच्या समीक्षक मित्रानं 'हार्पर्स' मासिकात पुस्तक डोक्यावर घेतलं. त्याचं वाचन पाहण्यासारखं आहे: आर्थरच्या काळातला वेठबिगारांवर पोसलेला उमराव आणि आपल्या काळातला मजुरांवर पोसलेला भांडवलदार ही एकच आकृती आहे, असा त्याचा रोख. म्हणजे पुस्तक सहाव्या शतकाबद्दल नाहीच, ते १८८९ बद्दल आहे.

इंग्लंडात मात्र लोक बिथरले. 'डेली टेलिग्राफ'नं आर्थर बरा की जे गूल्ड, असा सवाल टाकला. अँड्र्यू लँग हा त्या वेळचा मातब्बर समीक्षक आणि परीकथांचा संग्राहक. त्यानं १८९१ मध्ये ट्वेनवर लेख लिहिला, 'हकलबरी फिन'ची तोंड भरून स्तुती केली आणि या पुस्तकाबद्दल सांगितलं की ते आपण वाचलेलंच नाही, कारण मध्ययुगाच्या आदर्शांवर टीका करण्याइतकं ज्ञान ट्वेनकडे नाही. न वाचता दिलेलं इतकं सभ्य मत मी दुसरं पाहिलेलं नाही. इंग्लंडात बाजूनं उभा राहिला तो डब्ल्यू. टी. स्टेड. त्याचं म्हणणं, हा लेखक थेट सामान्य जनतेच्या काळजापर्यंत पोचतो.

लँगच्या आक्षेपात तथ्य होतं का? थोडं होतं. सहाव्या शतकात अशी चिलखतं नव्हती, असे किल्ले नव्हते, घोड्यावरून भाल्यांच्या अशा झुंजी नव्हत्या. ते सगळं मॅलरीच्या पंधराव्या शतकातलं सामान. पण प्रस्तावनेत ट्वेन स्वतःच सांगतो, की यातले क्रूर कायदे आणि रिवाज त्याच काळात होते असा माझा दावा नाही. नंतरच्या काळात होते, मग आधी याहून बरं काही होतं असं मानायचं कारण नाही. हा इतिहासकाराचा युक्तिवाद नव्हे, वकिलाचा आहे. तरी त्यातलं दुखणं खरं आहे. कारण ट्वेनला जो मध्ययुगीन अन्याय चितारायचा होता, त्याचं मॉडेल त्यानं लहानपणी मिझुरीत उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कादंबरीत राजा आर्थर आणि हँक वेश बदलून प्रजेत फिरतात आणि गुलाम म्हणून पकडले जातात. लिलाव होतो. राजाला सात डॉलर येतात, हँकला नऊ. राजाला आपण विकलो गेलो याचं जितकं दुःख होतं, त्याहून जास्त त्या भावाचं होतं. विनोद आहे, पण माणसाची किंमत बाजारात पुकारली जाताना माहीत असलेल्या माणसानं केलेला विनोद आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धानं पुस्तकाचा अर्धा भागच वाचला असं म्हणावं लागेल. १९२७ मध्ये रॉजर्स आणि हार्ट यांचं संगीत नाटक, १९३१ मध्ये विल रॉजर्सचा बोलपट, १९४९ मध्ये बिंग क्रॉस्बीची गाणी. ग्रहण आहे, चिलखतातली गंमत आहे, सायकलवरून मदतीला धावून येणारे सरदार मूळ पुस्तकात आहेतच. शेवट मात्र मूळचा नाही.

तो शेवट असा. चर्च राज्यावर बहिष्कार घालतं आणि हँकनं उभी केलेली आधुनिकता एका फटक्यात गळून पडते. शिकवलेली, पगारावर ठेवलेली, त्याचा जयजयकार करणारी माणसं उलटी फिरतात. उरतात ती फक्त ५२ मुलं, चौदा ते सतरा वयाची, लहानपणापासून त्याच्या शाळांत वाढलेली. हँक त्यांना आणि आपला सहकारी क्लॅरन्सला घेऊन एका गुहेत ठाण मांडतो. आपले कारखाने शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून बटण दाबून स्वतःच उडवून देतो. भोवती विजेच्या तारांची वर्तुळं, सुरुंग, १३ गॅटलिंग तोफा, सोडायला तयार ठेवलेला ओढा. रात्री सरदार येतात आणि तारांना चिकटून आवाज न करता मरतात. मग हिशेब होतो: ५४ जण इंग्लंडचे मालक आणि भोवती २५ हजार प्रेतं. त्या प्रेतांच्या भिंतीतून बाहेर पडता येत नाही आणि हवा सडल्यामुळे आत जिंकलेले आजारी पडत जातात.

हे १८८९ साली लिहिलेलं आहे. काटेरी तारा आणि मशीनगन यांच्यामध्ये युरोपची तरुण पिढी मरायला अजून पंचवीस वर्षं होती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वाचकांना हे पुस्तक एकदम वेगळं दिसू लागलं यात नवल नाही. हेन्री नॅश स्मिथनं १९६४ मध्ये या एका कादंबरीवर छोटेखानी पुस्तक लिहिलं आणि तिला प्रगतीची बोधकथा म्हटलं. अशी बोधकथा, जी लिहिता लिहिता लेखकाचाच प्रगतीवरचा विश्वास ढासळला. ट्वेनचं चरित्र याला पुष्टी देतं. त्या काळात तो जेम्स पेज नावाच्या संशोधकाच्या खिळेजुळणी यंत्रात पाण्यासारखा पैसा ओतत होता. यंत्राला हजारो सुटे भाग, आणि ते कायम पुढच्या महिन्यात तयार होणार असायचं. यंत्र आणि कादंबरी एकाच दिवशी पुरी व्हावी अशी त्याची इच्छा होती. कादंबरी झाली.

मला मात्र समीक्षकांपेक्षा दोन विज्ञानकथाकारांची मतं जास्त पटतात. त्यांनी परीक्षण लिहिलं नाही, उत्तरादाखल गोष्टच लिहिली. पहिला एल. स्प्रेग डी कँप. १९३९ मध्ये मासिकात आलेल्या त्याच्या 'लेस्ट डार्कनेस फॉल'मध्ये पॅडवे हा पुरातत्त्वाचा अभ्यासक सहाव्या शतकातल्या रोममध्ये जाऊन पडतो. तो सूर्य विझवत नाही. ब्रँडी गाळतो आणि कर्ज काढण्यासाठी सावकाराला नव्या आकड्यांनी हिशेब ठेवायला शिकवतो. बंदुकीची दारू त्याला जमत नाही. छापखाना जमतो, पण मग कागद पुरत नाही. हँककडे सगळं कसं लगेच जमून येतं, या शंकेचं हे उत्तर आहे.

दुसरा पॉल अँडरसन, १९५६ ची 'द मॅन हू केम अर्ली'. आइसलँडमधल्या तळावरचा एक अमेरिकन सैनिक वीज पडून हजार वर्षं मागे जातो. तो इंजिनिअरिंग शिकलेला आहे, कमरेला पिस्तूल आहे. गोष्ट सांगतो त्याला आसरा देणारा तिथला शेतकरी. पाहुण्याला लोहारकाम जमत नाही, उलट तो वस्तू बिघडवतो. त्याच्या डोक्यातली प्रत्येक युक्ती दुसऱ्या एखाद्या हत्यारावर अवलंबून असते, ते हत्यार तिसऱ्यावर, आणि ती साखळी कुठेच जमिनीला टेकत नाही. शेतकऱ्याला त्याची दया येते. शेवटी तो मारला जातो, कारण तिथला कायदा, वैर आणि भरपाई यांची रीत त्याला कळत नाही.

सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला ही गोष्ट जरा जास्तच झोंबते. कंपायलर कसा चालतो ते मी फळ्यावर नीट समजावून सांगू शकेन. फळा आणि खडू मात्र यजमानांनी द्यायला हवेत. हँकच्या तुलनेत मी नऊ डॉलरचाही नाही. पण अँडरसनच्या गोष्टीतला खरा मुद्दा हत्यारांचा नाही. निवेदक बदलला, हा आहे. हँकच्या कादंबरीत हँकच बोलतो, त्यामुळे सहाव्या शतकातली माणसं अडाणी पोरांसारखी दिसतात आणि आपणही हसतो. तोच पाहुणा यजमानाच्या डोळ्यांनी पाहिला की दिसतो एक चांगला, गोंधळलेला, हातानं काहीही न येणारा माणूस. पानिपतावर मशीनगन घेऊन जाणाऱ्याची गोष्ट भाऊसाहेबांच्या छावणीतल्या एखाद्या बुणग्यानं सांगितली तर कशी होईल, याचा विचार मी बरेचदा करतो. त्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असेल: छावणीत अन्न नाही, ते आणलंय का?

ट्वेनच्या हँकला असा प्रश्न कोणी विचारत नाही. लोकांसाठी तो सगळं करतो, पण त्यांना विचारून काहीच करत नाही. हॉवेल्ससारख्या वाचकाला हे खटकलं नाही, कारण त्याला उमरावांचा राग होता आणि तो रास्त होता. मला दोन्ही एकदम दिसतात, आणि मला वाटतं ट्वेनलाही दिसत होते. म्हणूनच त्याला तो शेवट लिहावा लागला.

१८९४ मध्ये ट्वेनची प्रकाशनसंस्था बुडाली, यंत्रानंही बुडवलं, आणि कर्ज फेडायला तो जगभर व्याख्यानं देत निघाला. जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत वॉटसन्स हॉटेलात उतरला. इमारत सबंध लोखंडी सांगाड्याची, भाग इंग्लंडात ओतून बोटीनं आणलेले आणि इथे जोडलेले. सामान लावून घेताना एका धिप्पाड जर्मन माणसानं तिथल्या नोकराच्या थोबाडीत मारली, काय चुकलं ते न सांगता. नोकरानं ती मुकाट्यानं घेतली. ट्वेननं पुढे प्रवासवर्णनात लिहिलं आहे, की त्या क्षणी आपण पन्नास वर्षं मागे, मिझुरीतल्या गुलामांच्या गावात जाऊन पोचलो. पहार नाही, ग्रहण नाही.

त्यानंतर सहाच महिन्यांनी, ७ जुलैला, त्याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. तिकीट एक रुपया होतं.