स्वाराचा पोशाख आणि दख्खनची हवा

सोलापुराहून मंगळवेढ्याच्या वाटेने निघाले म्हणजे मंगळवेढ्याच्या अलीकडे भीमेच्या काठी माचणूर व ब्रह्मपुरी ही गावे लागतात. पुढे हाच राजमार्ग सांगोले, मिरज आणि कोल्हापूर ह्या गावांवरून आंब्याच्या घाटात शिरतो व खाली रत्नागिरीस समुद्राला जाऊन भिडतो. आजचा मोटारसायकलस्वार हे अंतर एका दिवसात तोडू शकतो. परंतु ह्या एका दिवसात त्याला जितक्या प्रकारची हवा लागते तितकी युरोपातील एखाद्या देशात वर्षभर हिंडूनही लागावयाची नाही. सोलापुरी जूनच्या आरंभी अंग भाजून काढणारा कोरडा वारा असतो, वर्षाचा सारा पाऊस मोजला तरी तो पाचशे-सहाशे मिलिमीटरांच्या घरात राहतो. आणि घाटमाथ्यावर त्याच्या अनेक पटींनी पाऊस चार महिन्यांत कोसळतो. अशा मुलखात स्वाराने अंगावर काय घालावे, हा प्रश्न मोटारसायकलीबरोबर आलेला नाही. तो घोड्याबरोबर आला, आणि त्याची उत्तरे चुकल्यामुळे ह्याच वाटेवर एका बादशहाची फौज चिखलात रुतली.

औरंगजेबाने १६९५ ते १६९९ ह्या काळात आपला मुख्य तळ ब्रह्मपुरीस ठेवला होता. त्या तळाला त्याने इस्लामपुरी असे नाव दिले. दक्षिणेतील स्वारी कित्येक वर्षे चाललेली, बरोबर लाखांनी माणसे, आणि उमराव मंडळींचा थाट दिल्ली-आग्र्याचाच. त्यांच्या स्वाराचा पोशाख भारी असे. पोलादी कड्यांचे जिरेबख्तर, त्याखाली अंगाला लोखंड टोचू नये म्हणून रुई भरून टाचलेला डगला, डोक्यास लोखंडी टोप, हातांस कोपरापर्यंत दस्ताने, आणि खालचा घोडाही तसाच धिप्पाड. समोरासमोर मैदानात गाठ पडली तर ह्या स्वारापुढे टिकाव धरणे कठीण. पण दख्खनच्या उन्हात लोखंड तापते, रुईचा डगला घामाने ओला होऊन जड होतो, आणि एवढे ओझे घेऊन धावणारा घोडा लवकर फेस गाळू लागतो. संताजी घोरपडे व धनाजी जाधव ह्यांनी नेमक्या ह्या दुखण्यावर बोट ठेविले होते. त्यांच्या स्वाराजवळ भाला, तलवार, ढाल, घोड्याच्या पाठीवर चंदीची पिशवी आणि एक घोंगडी. संरक्षण म्हणून त्याने अंगावर काही चढविले नाही असे नव्हे. त्याने वजनाच्या बदल्यात वेग घेतला, एवढेच.

ह्या घोंगडीविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण सोलापूर, सांगोले, मंगळवेढे हा सारा टापू मेंढपाळांचा. दख्खनी मेंढीची लोकर राठ व आखूड. विलायतेच्या गिरणीवाल्यास ती कवडीमोलाची वाटावी. परंतु त्याच राठपणामुळे तिची घोंगडी वर्षानुवर्षे टिकते. लोकर कातावयाची, खड्ड्याच्या मागावर विणावयाची आणि मग चिंचोक्याची खळ देऊन ताठ करावयाची, असा तिचा क्रम आहे. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी पोटात घेऊनही अंगाला ओला लागत नाही, आणि ओला झाला तरी सुताप्रमाणे एकदम गारठत नाही. ठिणगी पडली तर ती भडकत नाही, जळून तेथेच विझते. पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घ्यावी, थंडीत पांघरावी, मुक्कामी अंथरावी, उन्हात चौपदरी करून खोगिरावर टाकावी. एका वस्त्राकडून इतकी कामे करून घेण्याची अक्कल पुस्तकी नव्हे. ती मेंढरांमागे बारा महिने फिरणाऱ्या धनगराची आहे. स्वाराने ती त्याच्याकडून उचलली.

तथापि मराठी स्वारांनी पावसाचा खरा प्रश्न घोंगडीने सोडविला असे समजणे चुकीचे होईल. तो त्यांनी पंचांगाने सोडविला. शिवाजी महाराजांच्या लष्करी व्यवस्थेचे वर्णन सभासदाने केले आहे. त्यात पावसाळ्यात लष्कराने छावणीस यावे आणि दसरा होताच मुलूखगिरीस निघावे, असा दंडक दिलेला आहे. ज्या ऋतूत घोडा चिखलात फसतो आणि दारू ओली होते त्या ऋतूत बाहेर पडावयाचेच नाही, ह्यापेक्षा उत्तम पर्जन्यवस्त्र दुसरे कोणते? ज्याला निघण्याची वेळ आपल्या हाती ठेवता येते त्याला ओझे कमी वाहावे लागते. औरंगजेबाने ही गोष्ट मानली नाही. १७०१च्या अखेरीस त्याने विशाळगडास वेढा घातला. गड हाती आला तो १७०२च्या जूनमध्ये, आणि तोही द्रव्य मोजून. तोवर पाऊस फुटला होता. विशाळगडापासून पन्हाळ्याचा परिसर सुमारे तीस मैल. तेवढे अंतर तोडावयास बादशाही लष्करास एक महिन्याहून अधिक काळ लागला. ओढ्यांना पूर, उंट घसरून मरत होते, तंबू भिजून उचलवेनात, आणि उमरावांना उघड्यावर रात्री काढाव्या लागल्या. दरबारचा इतिहासकार साकी मुस्तैदखान ह्यानेही हे हाल लपविले नाहीत. आंब्याचा घाट तोच, पाऊसही तोच. जिरेबख्तराचा तेथे काय उपयोग?

मराठ्यांनाही हा धडा पुढे विसरावयास लावणारा प्रसंग आला. सदाशिवरावभाऊंची फौज पडदूर, म्हणजे आजचे परतूर, येथून १७६०च्या मार्चमध्ये उत्तरेकडे निघाली, तेव्हा पुढचा हिवाळा पंजाबच्या तोंडाशी कोंडून घेऊन काढावा लागेल अशी कोणाची कल्पना नव्हती. पावसाळा यमुनेच्या अलीकडे गेला, ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतले, आणि नोव्हेंबरपासून पानिपतास कोंडी झाली. तेथील पौष महिन्याची थंडी दख्खनी माणसाच्या कल्पनेबाहेरची असते. फौजेचा पोशाख मुख्यतः सुती. अब्दालीचे लोक काबूल-कंदाहारच्या हिवाळ्यात वाढलेले. १४ जानेवारी १७६१च्या पराभवाचे खापर थंडीवर फोडणे योग्य नव्हे. उपासमार हेच मुख्य कारण होते. परंतु पोटात अन्न नसलेल्या माणसाला थंडी दुप्पट लागते, हेही खरे. दसऱ्याला निघून पावसापूर्वी परतण्याचा हिशेब नर्मदेच्या दक्षिणेस अचूक होता. तो यमुनेपलीकडे लागू पडला नाही.

डोक्याच्या रक्षणाची कथा निराळी आहे. अफजलखानाच्या भेटीस १० नोव्हेंबर १६५९ रोजी जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, असे परंपरा सांगते. येथे लोखंड आत आणि कापड बाहेर. सामान्य शिपायास टोप कोठून परवडणार? त्याचे पागोटे हेच त्याचे शिरस्त्राण. कित्येक हात लांबीच्या कापडाचे वेढ्यावर वेढे बसले म्हणजे तलवारीचा तिरपा वार त्यात अडकतो, घोड्यावरून पडल्यास टाळूला गादी मिळते, आणि बारा महिने उन्हापासून रक्षण होते ते वेगळेच. खर्चाचा विचार येथे महत्त्वाचा आहे. बारगिरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार दोन्ही आपल्या पदरचे आणी. स्वतःच्या पैशाने सज्ज होणारा मनुष्य संरक्षणाला प्रथम कात्री लावतो, ही प्रवृत्ती तेव्हा होती व आजही आहे. इंग्रजी अमदानीत पागोटे मागे पडून भेंडाची सोला टोपी आली. उन्हापुरती ती चांगली, पण पडणाऱ्याच्या डोक्याला तिचा आधार काडीचा नव्हता. म्हणजे मोटारसायकल आली त्या वेळी सुशिक्षित माणसाचे डोके त्याच्या पणजोबाच्या डोक्यापेक्षा अधिक उघडे पडले होते.

डाइम्लर व मायबाख ह्यांनी पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी १८८५ मध्ये जर्मनीत तयार केली. पुढची पन्नास वर्षे स्वाराने वैमानिकाप्रमाणे कातड्याचा कोट व मऊ कातडी टोपी घालावी, हीच रीत पडली. मग १३ मे १९३५ रोजी अरबस्तानातील पराक्रमामुळे विख्यात झालेला टी. ई. लॉरेन्स हा आपल्या ब्रफ सुपीरियर गाडीवरून इंग्लंडात डॉर्सेट परगण्यात जात असता सायकलीवरील दोन मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात फेकला गेला. डोक्यास काही नव्हते. सहा दिवसांनी त्याचा अंत झाला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शस्त्रवैद्य होता. वैद्याच्या हातून एक रोगी जातो, आणि बहुधा गोष्ट तेथेच संपते. केर्न्सने ती संपू दिली नाही. दुसरे महायुद्ध सुरू होताच सैन्यातील निरोप्ये मोटारसायकलींवरून पडून मरू लागले, तेव्हा त्याने त्यांच्या जखमांची पद्धतशीर पाहणी केली, आणि १९४१ मध्ये शिरस्त्राणाचा गुण दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सामान्य नागरिकांस इंग्लंडात ती सक्ती होण्यास १९७३ साल उजाडले. पुरावा हाती असता बत्तीस वर्षे गेली, आणि ज्यांची डोकी त्या काळात फुटली त्यांचा हिशेब कोणी मागितला नाही.

आजच्या शिरस्त्राणाची रचना महाराजांच्या टोपाच्या उलट आहे: कठीण कवच बाहेर आणि मऊ थर आत. ह्याचे कारण शत्रू बदलला. तलवारीचा वार अडवावयाचा असे तेव्हा धार अडली म्हणजे काम झाले. आता शत्रू ही रस्त्याची जमीन आहे, आणि डोके थांबले तरी आतला मेंदू वेगाने पुढे जातो. आतील थर्मोकोलसारखा थर स्वतः चुरडला जाऊन तो थांबण्याचा क्षण लांबवितो. एकदा चुरडलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून मोठा आघात सोसलेले शिरस्त्राण वरून चकचकीत दिसले तरी टाकून द्यावयाचे असते. पट्टा न आवळलेले शिरस्त्राण तर डोक्याआधीच निसटते. भारतात १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाने ते आवश्यक केले, आणि जून २०२१ पासून भारतीय मानक संस्थेच्या चिन्हावाचून दुचाकीचे शिरस्त्राण विकण्यास मनाई आहे. तरीही २०२२ सालच्या सरकारी अहवालात शिरस्त्राणावाचून मेलेल्यांची संख्या ५०,०२९ दिली आहे. पानिपताच्या खालोखाल शोभावा असा हा आकडा, आणि तो एका वर्षाचा.

अंगावरच्या वस्त्राविषयी कायदा मुका आहे. तेथे ज्याची त्याला निवड करावी लागते. जाड कातडे रस्त्यावर घासत जाताना सर्वांत चांगले टिकते, ह्यात वाद नाही. परंतु सोलापूरच्या वैशाखात कातडी कोट घालून सिग्नलपाशी उभे राहणे म्हणजे जिरेबख्तरच पुन्हा अंगावर घेणे होय. त्यासाठी जाळीदार विणीचे, खांदे-कोपर-पाठ ह्या ठिकाणी आघात झेलणाऱ्या गाद्या बसविलेले कोट निघाले आहेत. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. हवा अंगापेक्षा तापलेली असली म्हणजे नुसता वारा थंडावा देत नाही, उलट भाजतो; थंडावा येतो तो घाम वाळल्याने. सोलापूरची हवा कोरडी, म्हणून आत ओला सुती सदरा घालून वर जाळीचा कोट घातल्यास माठातील पाण्याप्रमाणे अंग निवते. रत्नागिरीच्या दमट हवेत हाच उपाय फसतो. उघड्या बाह्यांनी जाणाऱ्यास गार वाटते ते काही वेळच. पुढे घाम वाऱ्याबरोबर उडून जातो आणि तहान लागण्यापूर्वीच अंगातले पाणी आटते.

पावसाचे वस्त्र हे त्याहून अवघड. मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून पाणी बाहेर ठेविले, पण घामही आत कोंडला. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर ह्याने असा पातळ पडदा शोधला की ज्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाहून फार लहान व वाफेच्या कणाहून मोठी आहेत. पाणी आत येत नाही, वाफ बाहेर जाते. थंड देशांत ह्याचा लौकिक योग्यच आहे. मात्र ही वाफ बाहेर जाते ती आत दमटपणा जास्त व बाहेर कमी असतो म्हणून. आषाढात आंबा घाटात बाहेरच हवा वाफेने भरलेली. तेथे महागड्या कोटाची ही करामत बरीच मंदावते. शहाण्या स्वाराने तेथे साधा दोन तुकड्यांचा रेनकोट गादीच्या कोटावरून चढवावा, कोरडा सदरा पिशवीत ठेवावा, आणि त्या रेनकोटाचा रंग भडक निवडावा. काळी घोंगडी धनगरास शोभते, कारण त्याच्यामागून मालमोटार येत नसते. न्यूझीलंडात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चमकणारी वा प्रकाश परतविणारी वस्त्रे घालणाऱ्या स्वारांना अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला.

जुन्या स्वाराला न पडलेली एक अडचण नव्या स्वारापुढे आहे. शिलेदार एकटा घोड्यावर बसे. मोटारसायकलीवर मागे बायको असते, आणि पुष्कळदा दोघांमध्ये मूल. वर सांगितलेल्या ५०,०२९ जणांत १४,३३७ मागे बसलेले होते. पुढच्याने कोट, हातमोजे, शिरस्त्राण असा जामानिमा केलेला आणि मागची बाई लुगड्याच्या पदराचा बोळा मुठीत धरून बसलेली, हे दृश्य तुळजापूरच्या रस्त्यावर पौर्णिमेला पाहावे. ह्या पदरासाठी मात्र १९८९च्या केंद्रीय नियमांनी एक सोय करून ठेविली आहे: मागे बसणाऱ्यास धरावयास कडी, पाय ठेवावयास आधार, आणि वस्त्र अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी. गाडी विकत घेताना ती असते. पुढे पंक्चर काढताना एकदा सोडविली की पुन्हा बसविण्याचे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही.