प्रमाणपत्राच्या रकान्यात काय लिहावे?

२८ जून १८८३. अमेरिकेत पाऊल ठेवून महिनाही झाला नव्हता, तेव्हा अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांनी न्यू जर्सीतील रोझेल येथून फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. शैक्षणिक पात्रता म्हणून दाखविण्याजोगे त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते. शिक्षण बहुतांशी घरी, पती गोपाळरावांकडे झालेले. त्यांच्या पोस्टखात्यातील बदल्यांबरोबर बिऱ्हाड अलिबागेपासून कलकत्त्यापर्यंत हललेले.

आनंदीबाईंनी ही उणीव झाकली नाही. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करत नसू, तरी आपले प्रकरण अपवादात्मक मानावे, अशी विनंती त्यांनी केली. सात भाषा अवगत आहेत, प्रकृती उत्तम आहे, आणि आप्तांचा व जातीचा विरोध मोडून इथवर आणणारा निर्धार पुढेही उपयोगी पडेल, असे त्यांनी कळविले. यांतील प्रकृतीचे विधान मात्र धाडसाचे होते. बंगालमध्येच त्या वारंवार आजारी पडत.

चरित्रे बहुधा या निर्धारावरच रेंगाळतात. पत्र वाचणारी संस्थाही तितकीच महत्त्वाची. इतर वैद्यकीय विद्यालयांची दारे स्त्रियांना बंद होती, म्हणूनच १८५० साली हे कॉलेज निघाले होते. डीन रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही मिळाली.

११ मार्च १८८६ रोजी एम.डी.ची पदवी हाती आली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची नेमणूकही ठरली. ती स्वीकारण्याइतकी प्रकृती उरली नव्हती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला.