पिस्टन, रॉड आणि माप: जालना परिसरातील इंजिनबांधणीचा इतिहास

मोटारीच्या इंजिनात इंधन जळून निर्माण होणारा दाब पिस्टनला सिलिंडरमध्ये खाली लोटतो आणि कनेक्टिंग रॉड हा दांडा पिस्टनची ती सरळ हालचाल क्रँकशाफ्टपर्यंत नेऊन तिचे फिरत्या गतीत रूपांतर करतो. या जोडणीत झीज झाली की गाडी निळा धूर सोडते, ऑइल पिते, चढावर दमते आणि अखेर इंजिन उघडून नव्याने बांधावे लागते. जालना जिल्ह्याच्या इतिहासात कापसाची, बियाण्यांची आणि लोखंडाची नोंद ठळकपणे आढळते. मात्र या सर्व मालाची वाहतूक ज्या वाहनांनी केली, त्यांना रस्त्यावर ठेवणाऱ्या इंजिनबांधणीच्या कसबाकडे इतिहासलेखनाचे लक्ष फारसे गेलेले नाही.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या व्यापारी भरभराटीतून रूढ झाली, त्या भरभराटीला 1900 च्या सुमारास मनमाड–हैदराबाद मीटरगेज रेल्वेची जोड मिळाली. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होते आणि याच राज्याच्या रेल्वे खात्याने जून 1932 मध्ये 27 गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. देशातील मोटारी त्या काळात मुख्यतः परदेशी बनावटीच्या असत. जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी चालवली होती, तरी तिचे सुटे भाग बाहेरूनच येत. बंदरापासून दूर असलेल्या मराठवाड्यात भाग बदलण्यापेक्षा तो दुरुस्त करणे अधिक व्यवहार्य ठरले, यामागे हे अंतर होते.

त्या काळातील अनेक इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला, म्हणजे क्रँकवर बसणाऱ्या ‘बिगएंड’ला, सुटे बेअरिंग नसे. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी 1839 मध्ये शोधलेला कथिलप्रधान मऊ मिश्रधातू, म्हणजेच व्हाइट मेटल, वितळवून रॉडमध्ये ओतला जाई. तो थंड झाल्यावर क्रँकला निळा रंग लावून रॉड त्यावर फिरवत, जिथे रंग उमटे तो उंचवटा स्क्रॅपरने खरवडत, आणि सर्वत्र सारखा रंग उमटेपर्यंत हे काम चाले. मापाची साधने तुटपुंजी असताना अचूकतेची जबाबदारी पूर्णपणे कारागिराच्या डोळ्यावर आणि मनगटावर होती.

1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. दरम्यान देशी उत्पादनाचा आग्रह धरणाऱ्या सरकारी धोरणामुळे जनरल मोटर्ससारख्या जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या भारतातून निघून गेल्या, वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि मद्रासच्या इंडिया पिस्टन्ससारख्या 1949 मधील कारखान्यांमुळे भाग देशातच मिळू लागले. ओतीव व्हाइट मेटलची जागा पातळ, दोन अर्धवर्तुळाकार भागांच्या ‘शेल’ बेअरिंगांनी घेतली, त्याबरोबर खरवडण्याचे काम मागे पडले आणि मायक्रोमीटर, बोअरगेज व टॉर्क रेंच ही साधने पुढे आली.

फियाट 1100 च्या चार सिलिंडरांच्या, 1089 घन सेंटिमीटरच्या इंजिनाचे बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 68 मिलिमीटर होते. ते झिजून लंबवर्तुळाकार झाले की लेथवाल्या कारखान्यात बोअर करून मोठ्या मापाचे, म्हणजे 20 किंवा 40 थाऊ ‘ओव्हरसाइज’ पिस्टन बसवत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दाब रोखणारी रिंग पिस्टनवर चढवण्यापूर्वी सिलिंडरमध्ये सरळ ठेवून तिच्या दोन टोकांमधली फट मोजतात, कारण तापल्यावर रिंग वाढते. दर इंच बोअरमागे 3 ते 4 थाऊ या नियमाने फियाटसाठी ती सुमारे पाव मिलिमीटर येते. सर्व रिंगांच्या फटी एका रेषेत आल्यास दाब निसटतो, म्हणून त्या वेगवेगळ्या दिशांना ठेवतात. ज्या इंजिनांत पिस्टन आणि रॉड यांना जोडणारी गजन पिन घट्ट बसते, तेथे ॲल्युमिनियमचे पिस्टन गरम करून ती सरकवतात. पिस्टनवरील खूण इंजिनाच्या पुढच्या बाजूला ठेवून, रिंगा दाबून तो आत सोडताना रॉडच्या बोल्टांवर रबरी नळी चढवतात, म्हणजे क्रँकवर ओरखडा येत नाही. रॉड आणि त्याच्या बिगएंडची सुटी कॅप एकत्रच बोअर केलेली असल्याने त्यांवरील आकडे जुळवणे अनिवार्य ठरते, आणि प्रत्येक पिस्टन बसवल्यानंतर क्रँक हाताने फिरवून पाहिली जाते.

याच कौशल्याला शेतीनेही काम दिले. किर्लोस्करचे एव्ही-1 हे 5 अश्वशक्तीचे, 80 मिलिमीटर बोअरचे एक सिलिंडरी डिझेल इंजिन रचनेने मोटारीहून सोपे असले, तरी त्यातील रिंग व बिगएंडच्या कामाचे तत्त्व तेच असल्याने विहिरीवरचे इंजिन उघडणाऱ्या मिस्त्रीला ट्रकचे इंजिन परके राहिले नाही. दुसरीकडे, जालन्याच्या वाटेवर असलेल्या चिकलठाणा येथील एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत हेच काम मोठ्या प्रमाणावर, ठरावीक मापांनी होऊ लागले. 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, आणि पुढे भंगार वितळवून सळ्या बनवणाऱ्या भट्ट्यांसाठी हे शहर ओळखले जाऊ लागले. जुने लोखंड वितळवणाऱ्या या शहरात जुने इंजिन भंगारात जाण्यापासून वाचवणारे हात तितकेच मोलाचे होते.

आता अनेक नव्या गाड्यांत रॉड आणि कॅप एकाच तुकड्याला तडा देऊन वेगळे केलेले असतात, त्यामुळे जुन्या पद्धतीने कॅप घासून माप साधता येत नाही. शिवाय 2020 पासूनच्या बीएस-6 इंजिनांत दुरुस्तीपेक्षा संपूर्ण संच बदलण्याकडे कल वाढला आहे. म्हणून ज्यांनी हा बदल हाताने अनुभवला, त्या मिस्त्रींकडील मापे, अवजारे आणि कामाच्या पद्धती जिल्ह्यातील आयटीआय व महाविद्यालयांनी आजच नोंदवून ठेवाव्यात. कापूस, बियाणे आणि लोखंड यांच्यासोबत इंजिनबांधणीलाही स्थान दिल्याशिवाय जालन्याचा औद्योगिक इतिहास पूर्ण होणार नाही.